जुन्या पंचांगातली वाघीण

झाकण वाटीवर टेकल्याचा आवाज झाला. चिनीमातीवर चिनीमाती, एवढंसं टक्. भिंतीवरचं घड्याळ लढाईसाठीच्या पितळेच्या वर्गणीत गेल्यापासून या घरातली दुपारची शांतता फार मोठी झाली होती, आणि तो आवाज तीमधून सरळ किनुएच्या सुईपर्यंत आला. ती मुलीची टोपी शिवत होती. हवाई हल्ल्याच्या सरावाला घालायची, कापूस भरलेली, कानांवरून खांद्यापर्यंत येणारी. सुई अर्धी कापसात शिरली होती ती तिथंच राहिली. सासूबाई भोपळ्याच्या रांगेत उभ्या राहायला गेल्या होत्या. रित्सुको बाहेर, गल्लीचा रस्ता खणून लावलेल्या रताळ्यांच्या वेलांतलं गवत काढते आहे, असं किनुए धरून चालली होती. आणि झाकणाची वाटी घरात एकच उरली होती. ती आतल्या खोलीत, किनुएच्या नवऱ्याच्या, तेइजीच्या फोटोपुढच्या ताटात होती.

ती उठली. चटईवर चालताना टाचा उचलून धरल्या, मग आपल्याच घरात आपण कोणापासून लपून चाललोय असं वाटून त्या टेकल्या. आत रित्सुको गुडघ्यांवर बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर, शाळेत सम्राटांच्या तसबिरीपुढे बसवतात तशी. तिनं वळून पाहिलं तेव्हा एक गाल फुगलेला होता. ती चावत नव्हती. भाताचा घास तोंडात धरून नुसती बसली होती, कारण चावलं की आवाज होतो आणि गिळलं की संपतो. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत चोरी पकडल्याची भीती असायला हवी होती. तीही नव्हती. रांगेत आपली पाळी येईस्तोवर बायका जशा समोर बघतात, कुठंच न बघता, तसं ती बघत होती.

“चाव,” किनुए म्हणाली.

रित्सुकोनं मान हलवली. नको.

“चाव गं बाळा. आजी अजून रांगेत आहे.”

मग ती चावायला लागली. हळूहळू, एका बाजूनं, कारण दुसऱ्या बाजूचा दात पडलेला होता. कानाखालचं हाड वरखाली होताना दिसू लागलं. तिथं पूर्वी मांस होतं, चिमटीत धरता येईल इतकं, आणि तेइजी कामावरून आला की हातपाय धुवायच्या आधी तिथं नाक खुपसायचा. त्याच्या अंगाला घड्याळाच्या तेलाचा वास यायचा. दोन वर्षांची रित्सुको खिदळत त्याचे केस ओढायची आणि सासूबाई म्हणायच्या, आधी आंघोळ तरी कर रे, पोरीला गंज चढेल. एका हाडावरून इतकं सगळं आठवावं, आणि ते हाड चालतंच आहे, चालतंच आहे. घास संपल्यावर रित्सुकोनं जिभेनं दात पुसले आणि विचारलं, बाबा आज उपाशी राहणार का. याचं उत्तर किनुएजवळ होतं. बाबांनी तो घास तुलाच भरवला असता, ती म्हणाली. रित्सुकोनं थोडा विचार केला आणि सांगितलं की झाकण तिनं अगदी सरळ उचललं होतं, आतले थेंब सांडू दिले नव्हते.

ते थेंब म्हणजे तेइजी. तो लढाईवर गेल्यापासून, गेलं दीड वर्ष, रोज सकाळी सासूबाई परगावच्या माणसासाठी मांडायचं ताट मांडत होत्या. घरातली बाकीची तोंडं ज्वारी, सोयाबीनचा चोथा आणि रताळ्याचे देठ यांच्या पेजेवर होती, पण त्या वाटीत मूठभर का होईना पांढरा भात, वाफाळता. वर झाकण. संध्याकाळी झाकण उलटं करायचं. आतून ओलं असलं तर माणूस जिवंत, कोरडं असलं तर नाही. गरम भातावर झाकण ठेवलं तर ते ओलं होणारच, हे सासूबाईंना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी चाळीस वर्षं चूल फुंकली होती. तरी रोज संध्याकाळी त्या झाकण उलटं करीत, थेंबांकडे बघून मान डोलावत, आणि तो भात टोपलीत पसरून वाळवून एका पिशवीत भरून ठेवत. तो आला की लागेल. या भाताला आजवर कोणी हात लावला नव्हता. किनुएनंही नाही, उपासाच्या भोवळीतही नाही. त्यामुळं त्या ताटाजवळ मुलीला बघून तिला राग आला नाही, दयासुद्धा आली नाही. फक्त हे दिसलं की पोर बिनआवाजाची भूक शिकली आहे. रडून मागणारी भूक तिला कळत होती, तीच मुलाची भूक. ही वेगळी होती. ही मोठ्या माणसांची होती, आणि पोर ती या घरात, दोन बायकांच्या मधे बसून, शिकली होती. तेव्हाच तिचं ठरलं. मुलीला पाठवायचं. आज संध्याकाळी शेजारमंडळाची मुतोबाई शेवटचे होकार गोळा करायला येईल तेव्हा कागदावर या घराचा शिक्का पडलेला असला पाहिजे.

पाठवायचं म्हणजे शाळेबरोबर. तिसरी ते सहावीची सगळी मुलं मिकावाच्या डोंगरातल्या एका देवळात राहायला जाणार होती. हे ऐकायला आयांना शाळेत बोलावलं तेव्हा निवा मास्तर पंखा न हलवता बोलले होते. घाम त्यांच्या भुवईवरून टपकत होता आणि ते सांगत होते, ही पळापळ नाही, हे उद्याच्या सैनिकांचं बियाणं सुरक्षित कोठारात हलवणं आहे. बियाणं, हा शब्द किनुएला खुपला. मागं बसलेली एक बाई हळूच पुटपुटली, आमच्याकडचं बियाणं रात्री अंथरुणात मुततं, त्याचं काय. तीन-चार जणी खाली मान घालून हसल्या, आणि मग ते हसू कोणी ऐकलं का हे बघायला सगळ्यांनीच मान वर केली. हल्ली हसल्यावर असं व्हायचंच. बॉम्ब पडतील असं मास्तर एकदाही म्हणाले नाहीत. पण जुलैमध्ये दक्षिणेकडच्या एका बेटावरची सगळी माणसं, बायकामुलांसकट, गेली, हे रेडिओनं अभिमानाच्या आवाजात सांगितलं होतं, आणि तेव्हापासून रस्त्यानं चालणारी माणसं मधेच वर बघायला लागली होती. त्या बेटावरून विमानाला इथं यायला किती वेळ लागतो हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. आकाश तेच होतं, ऑगस्टचं, पांढरट, भातुकलीच्या बशीसारखं रिकामं.

हे सगळं कधी सुरू झालं ते तिला कोणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. दारावर लाथ मारून कोणी आलं नव्हतं. जे आलं ते शेजारमंडळाची सूचनांची फळी घेऊन आलं, उंबऱ्याबाहेर उभं राहून, कमरेत वाकून. फळी या घरातून त्या घरात जायची, वाचून शिक्का मारायचा आणि पुढच्या दारात द्यायची. साखर जपून वापरा. बरं. सणाच्या दिवशी गोड नको. बरं. बायकांनी केस कुरळे करू नयेत. तेव्हा किनुएचे केस कुरळे होते. तेइजीनं बोनसमधून करून दिले होते आणि मागून बघितलं की तू सिनेमातली वाटतेस म्हणाला होता. पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या पोरांनी तिच्यामागं ओरडत केसांवरचं गाणं म्हटलं. पोरं ओळखीची होती, एकाचा गुडघा तिनंच कधी बांधला होता. तिनं घरी येऊन गरम पाण्यानं केस सरळ केले, आणि तेइजी काहीच बोलला नाही. तो बोलला नाही हे तिला केसांपेक्षा जास्त लागलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की तीही कधी काही बोलली नव्हती. समोरच्या घरातले कुझे, जुन्या पुस्तकांचा धंदा करणारे, सार्वजनिक न्हाणीघरात मान चोळता चोळता म्हणाले की असल्या लढाईत आधी तांदूळ संपतो, मग माणसं. त्यांना घेऊन गेले. पंधरवड्यानं परत आले तेव्हा त्यांना एका कानानं ऐकू येत नव्हतं. न्हाणीघरात पुरुष त्यांच्या शेजारची जागा सोडून बसू लागले, असं तेइजीनं सांगितलं. तू कुठं बसलास, तिनं विचारलं होतं. तो म्हणाला, गर्दी होती. ज्या कारखान्यात तो भिंतीवरच्या घड्याळांची चक्रं जुळवायचा तिथं पुढं बॉम्ब ठरल्या वेळी फोडणारे घोडे तयार होऊ लागले. घड्याळच आहे ते, तेइजी म्हणाला, फक्त एकदाच वाजतं. असं म्हणून तो हसला होता, आणि ते त्याचं तिला आठवणारं शेवटचं मोकळं हसू; त्यानंतर सैन्यात बोलावणारा लाल कागद आला, आणि लाल कागद आल्यावर माणूस हसतो ते लोकांसाठी.

तांदूळ, केस, घड्याळ, कुझेंचा कान, नवरा. प्रत्येक वेळी बरं म्हटलं होतं. एकेक बरं एवढंसं होतं. मुलीच्या वेळी मात्र बरं म्हणायला घरच तयार नव्हतं, आणि गंमत अशी की या एकाच वेळी किनुएला बरं म्हणायचं होतं. देवळात काय खायला मिळेल कोणास ठाऊक. पण तिथं डोंगर आहे, आणि डोंगरात ती वाढली होती. डोंगरात मूल निदान काहीतरी उपटून खातं. तिचं स्वतःचं माहेर त्या डोंगरांच्याही पलीकडे होतं, पण ते घर बंद होतं. आईवडील गेले, भाऊ बायकापोरांसकट मांचुरियात जमीन कसायला गेला. नाहीतर ती मुलीला हाताला धरून तिकडे निघाली असती, कोणाचा शिक्का न मागता.

शिक्का सासूबाईंच्या कमरेच्या पट्ट्यात असायचा. तेइजी गेल्यावर त्या घरच्या कर्त्या झाल्या, आणि त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की पोर कुठंही जाणार नाही. मरायचं तर एका छपराखाली. गल्लीतल्या बहुतेक घरांचे होकार गेले होते. मुतोबाई, म्हणजे शेजारमंडळाच्या प्रमुखांची बायको आणि खरं तर स्वतःच प्रमुख, रोज जाता येता विचारायची, काय गं किनुए, म्हातारी विरघळली का. आणि वर म्हणायची, तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही, तू म्हणजे अगदी सशाचीच.

सशाची. बारा वर्षांना बारा जनावरं, आणि या घरात ती सशाच्या वर्षातली म्हणून आली होती. स्थळ आणणाऱ्या बाईला सासूबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला होता, मुलीचं वर्ष कुठलं. कारण आदल्या वर्षी जन्मलेली म्हणजे वाघाच्या वर्षातली, आणि वाघीण कोण घरात घेतं. वाघीण नवऱ्याच्या वरचढ होते, सासूला विचारत नाही, घर गिळते. किनुएचा जन्म जानेवारीच्या शेवटातला. सरकारी पंचांगानं नवं वर्ष लागलेलं होतं, कागदावर ससा, त्यात खोटं काही नव्हतं. पण तिच्या गावाला सरकारी पंचांग फक्त टपाल कचेरीत होतं. गावाचं नवं वर्ष फेब्रुवारीत, बर्फ तुडवत, चंद्राच्या हिशेबानं यायचं, आणि त्या हिशेबानं ती सरत्या वाघाची शेवटची पोर होती. आजी तिला वाघीण म्हणूनच हाक मारायची, वाघीण, पाणी आण. वाघीण, नाक पुस. लग्न ठरल्यावर आजीनं तिचा अंबाडा बांधता बांधता सांगितलं, शहरातल्या लोकांना ससा पाहिजे, ससा हो. आत काय आहे ते तुझं तुझ्याजवळ. पंधरा दिवसांचा फरक. त्या पंधरा दिवसांच्या अलीकडे एक बाई होती आणि पलीकडे दुसरी, आणि किनुए दहा वर्षं पलीकडे राहिली, पाय आखडून, कान पाडून. कधी कधी तिला वाटायचं की अलीकडची बाई कधीच मेली. कधी, भांडी घासताना वगैरे, ती हातात येऊन बसायची आणि एखादी बशी फुटायची.

मग लढाई आली आणि वाघिणींचे दिवस फिरले. लढायला जाणाऱ्याच्या पोटावर बांधायचा तो पांढरा पट्टा, त्यावर हजार बायकांनी एकेक लाल गाठ मारायची. पण वाघाच्या वर्षातली बाई मात्र आपल्या वयाइतक्या गाठी मारू शकते, कारण वाघ कितीही लांब गेला तरी परत फिरतो. जिला कोणी सून करून घेत नव्हतं तिला लोक रस्त्यावर शोधायला लागले. तेइजीचा पट्टा घेऊन किनुए आणि सासूबाई तीन दिवस ट्रामच्या थांब्यावर उभ्या होत्या. एक मासळीवाली आली, थोराड, हसरी, मी वाघीण हो, द्या इकडे म्हणाली, आणि खवले लागलेल्या हातांनी भराभरा गाठी मारत गेली, आणि सासूबाई तिला वाकून वाकून नमस्कार करत राहिल्या. शेवटी पट्टा किनुएकडे आला. तिनं सुई घेतली. सासूबाई शेजारीच होत्या, त्यांचा श्वास दंडाला लागत होता. हे सगळं खूळ आहे असं तेव्हा तिला वाटत होतं का? वाटत होतं. खूळ नाही असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत असताना हातानं जे केलं ते केलं: एक गाठ, आणि दोरा तोडला.

सासूबाई आल्या त्या अर्धा भोपळा पोटाशी धरून, जणू कोणी हिसकावून घेईल. चपला काढल्या, भोपळा ठेवला, कपाळ पुसलं आणि सवयीनं आधी ताटाशी गेल्या. झाकण उघडल्याचा आवाज आला. टोपी मांडीवर घेऊन किनुए बाहेरच्या खोलीत बसली होती. रित्सुकोला तिनं मुद्दाम गल्लीत पाठवलं होतं.

“घरात उंदीर झालेत वाटतं,” सासूबाई आतून म्हणाल्या. “झाकण उचलून खातात आणि परत लावून ठेवतात. शिकलेले उंदीर.”

“मीच तिला खा म्हटलं.”

“त्याचा घास?”

“हो.”

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या उंच होत्या, आता वाळून आणखी उंच दिसत. त्यांनी आरडाओरडा केला नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. त्या म्हणाल्या की आजवर या घरात भूक होती, आजपासून अवदसा आली. किनुएनं ऐकून घेतलं. मग तिनं शिक्का मागितला. हे दोन्ही एकाच दमात करायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. पण एकदा घासाचं बोलून झाल्यावर दुसरं आपोआप आलं, उतारावर दुसरं पाऊल येतं तसं. आई, शिक्का द्या, रित्सुको शाळेबरोबर जाईल. सासूबाईंचा हात कमरेच्या पट्ट्यावर गेला आणि तिथंच राहिला.

“त्यालाही असंच नेलं,” त्या म्हणाल्या. “झेंडे हलवत, गाणी म्हणत. मीही हलवला झेंडा. आता पोरगी. पाठवलेलं माणूस परत येतं हे तुला कोणी सांगितलं?”

हे खरं होतं. किनुएनं शिवणाचा डबा ओढला. तळाशी तेइजीच्या पट्ट्यातून उरलेली लाल दोऱ्याची लडी होती. सुईत दोरा ओवताना पहिल्यांदा चुकला. तिनं टोक ओठात धरून ओलं केलं आणि पुन्हा ओवला. मग टोपी उलटी केली आणि आतल्या अस्तरावर, जिथं मुलीची टाळू टेकेल तिथं, गाठ मारली. तिच्या शेजारी दुसरी. तिसरी, चौथी. ती आता काय करते आहे ते तिला पुरतं ठाऊक होतं. सासूबाईंच्या मनातली भीती काढायला जगात एकच वस्तू होती, आणि ती वस्तू पुढं ठेवायची म्हणजे तिच्या खालून दुसरी उघडी पडणार होती. मग पडू दे. थांब्यावरची ती दुपार तिला आता पुन्हा चालून पार करायची होती, आणि या वेळी मधे थांबायचं नव्हतं.

“एक पुरे,” सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “अगं, एक पुरे. सशाच्या बाईनं जास्त मारल्या तर उलटं होतं. थांब म्हणते ना.”

“मी सशाची नाही,” किनुए म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं, सुई चालूच ठेवून. जानेवारी, बर्फ, गावाचं पंचांग, आजीची हाक. आवाज चढला नाही. सांगताना तिला वाटत होतं की ती दुसऱ्या कोणा बाईबद्दल सांगते आहे, जिला ती लहानपणी ओळखत होती आणि जी आज बऱ्याच वर्षांनी न कळवता दारात उभी राहिली आहे. सासूबाई खाली बसल्या. त्या ऐकत होत्या की गाठी मोजत होत्या, कळत नव्हतं. किनुएच्या कागदावरच्या वयाइतक्या गाठी झाल्या तेव्हा त्यांचे ओठ हलायचे थांबले, आणि किनुएनं आणखी एक मारली. जुन्या हिशेबानं ती एक वर्षानं मोठी होती. दोरा दातानं तोडला. बाहेर कोणीतरी रताळ्यांना पाणी घालत होतं, डबा विहिरीच्या काठाला लागल्याचा आवाज येत होता.

“त्याच्या पट्ट्यात तू एकच मारलीस,” सासूबाई म्हणाल्या. “मी शेजारी उभी होते. एकच.”

किनुएनं त्यांच्याकडे बघितलं. दहा वर्षांत असं सरळ, डोळ्याच्या पातळीत तिनं त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या डाव्या डोळ्यात एक पांढुरका ठिपका पडू लागला आहे हे तिला आज दिसलं.

“तुम्ही सशाची सून मागितली होती, आई.”

ती ओरडून म्हणाली असती तर सासूबाईंना बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं. त्यांनी हात पुढं केला. किनुएला वाटलं मारतील, आणि तिनं गाल हलवला नाही. पण त्यांनी टोपी उचलली. अस्तरावरून बोटं फिरवू लागल्या, गाठीवरून गाठीवर, आंधळी माणसं तोंडावरून हात फिरवतात तशी, आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा काही आकसत गेला की किनुएला तो बघवेना. या क्षणी यांच्या डोक्यात तेइजी एकदा मरतोय, तिच्या मनात आलं. आणि तो मी मारला आहे, किंवा यांनी, किंवा पंचांगानं. तरी तिला मागं फिरावंसं वाटलं नाही. तिच्या आत काहीतरी टेकलं होतं, भरलेला हंडा जमिनीला टेकतो तसं, आणि ते आता हलणार नव्हतं.

तेवढ्यात दारात मुतोबाईचा खाकरण्याचा आवाज आला. छातीवर महिलामंडळाचा पट्टा, हातात फळी, आणि तोंड सुरूच. म्हातारीच्या एका शिक्क्यासाठी माझ्या चपला झिजल्या, आणि नव्या कुठं मिळतात आता; तुमचं एक घर राहिलंय आजी, वरून मला विचारतात, तुमच्या गल्लीत अशी कोण शहाणी आहे. शाळा बंद होणार, मुलांचा शिधाही तिकडेच जाणार, मग काय पोरीला भिंत चाटायला लावणार? किनुएला ती एरवी नकोशी व्हायची. आज तिच्या बडबडीनं खोलीत हवा आली. सासूबाई मुतोबाईकडे बघत नव्हत्या. त्यांनी कमरेतून शिक्क्याची पिशवी सोडली. शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ दिली, आणि कागदावर दाबून धरला; इतका वेळ की मुतोबाई बोलायची थांबली.

शिक्का उचलल्यावर त्या किनुएला म्हणाल्या, “त्याचं मी बघेन. त्याचं तू बोलू नकोस. हिला परत आणायचं तुझ्यावर.”

“आणेन,” किनुए म्हणाली.

मुतोबाईला यातलं काही समजलं नाही. ती म्हणाली, सरकार आणणारच आहे परत, तुम्ही कशाला काळजी करता, आणि कागदावर फुंकर घालत पुढच्या घराकडे गेली.

जायच्या दिवसापर्यंत सासूबाई किनुएशी बोलल्या नाहीत. पेज वाढली तर घेत, हाक मारली तर येत, पण शब्द नाही. रित्सुकोशी मात्र बोलत. तिला उन्हात समोर बसवून तासन्‌तास केसांतल्या उवा काढत, प्रत्येक उवेला शिवी देत. रित्सुको हसायची आणि पुन्हा एकदा म्हण आजी, म्हणायची. किनुए आतून ऐकायची. तिला ते दोन्ही आवाज साठवून ठेवायचे होते आणि कान भरत नव्हता. ती चादर घडी करायची, उलगडायची, पुन्हा करायची. रात्री मुलगी झोपली की तिच्या तळपायाला हात लावायची. तळपाय अजून लहान मुलाचा होता, मऊ, ओलसर. तेवढा भाग भुकेला अजून सापडला नव्हता. आपण आणेन म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो? वाघ वगैरे असेल नसेल. आजी गेली, तिला विचारायची सोय नाही. पण शब्द तोंडातून बाहेर पडल्यापासून तो खरा करायचं काम सुरू झालं होतं, आणि ते काम कसलं ते तिला हळूहळू समजत होतं: आधी जिवंत राहायचं. इतका साधा विचार गेल्या कित्येक वर्षांत तिच्या मनात आला नव्हता. देशासाठी मरायचं कसं हे फळीवर दर आठवड्याला येत होतं. जगायचं कसं हे कोणी लिहून पाठवलं नव्हतं. तिनं मनात घर तपासलं. चर कुठं खणायचा, पाण्याचा हौद कुठल्या बाजूला, आग लागली तर गल्लीच्या कुठल्या टोकाला पळायचं. बादल्या घेऊन जागेवर उभं राहून आग विझवायची असा नियम होता. ती पळणार होती. सासूबाईंना ओढत नेणार होती, त्या बोलोत न बोलोत.

निघायच्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानात मुलं रांगेत उभी होती. पाठीवर गाठोडं, छातीवर नाव आणि रक्ताचा गट लिहिलेला कपडा, गळ्यात टोपी. काही मुलं सहलीला निघाल्यासारखी उड्या मारत होती. सासूबाई फाटकाशीच थांबल्या, आत आल्या नाहीत. मुतोबाई आयांच्या रांगेतून फिरत सांगत होती, डोळे पुसा, मुलं बघतात, हसायचं, हसायचं. किनुए हसत होती. तिचे जबडे दुखत होते. निवा मास्तर टेबलावर चढून बोलले. आपण हरूच शकत नाही, का हरू शकत नाही, ते त्यांनी मुलांना घोकून घेतलं होतं आणि आता मुलांनी ते एका सुरात परत म्हणून दाखवलं. कबुतरं कौलांवरून उडाली. मग आयांना दोन मिनिटं मुलांजवळ जाऊ दिलं.

ती रित्सुकोपुढं उकिडवी बसली. गाठोड्याचा बंद सैल होता तो आवळला, मग फार आवळला म्हणून सैल केला. नाक पुसलं. देवळात पायऱ्या ओल्या असतात, जपून उतर, म्हणाली. जे मिळेल ते खा, आवाज करून खा. रित्सुकोनं मान हलवली. ती ऐकत नव्हती. भुवया जवळ आल्या होत्या, गणित सुटत नसलं की येतात तशा. तिच्या तोंडाला सकाळच्या रताळ्याचा वास येत होता.

“जिंकलो की आम्हाला लगेच परत आणणार ना?” ती म्हणाली.

“हो.”

“आणि गुरुजी म्हणतात, घरी राहिलेला शेवटचा माणूस मरेपर्यंत लढणार, म्हणून आपण जिंकणार.”

तिचा आवाज नेहमीचा होता, स्वच्छ, वर्गात उत्तर देताना असतो तसा. दोन हातांवर मुतोबाईचा झेंडा हलायचा थांबला. पलीकडची एक आई आपल्या मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती, तिनं ती पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. किनुएनं मुलीचे दोन्ही हात धरले. ते गरम होते, आणि ते दाबून मुलीला गप्प करता आलं असतं; तिनं दाबले नाहीत.

“मग आई,” रित्सुकोनं विचारलं, “जिंकल्यावर आम्हाला न्यायला कोण उरलेलं असेल?”